सावलीचा वाटा

वैशाखाच्या दुपारी ग्वाल्हेरच्या रस्त्याने पायी जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना सावली ही केवढी मोलाची वस्तू आहे हे निराळे सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागतो, राजस्थानच्या बाजूने लू वाहू लागते आणि किल्ल्याचा तो प्रचंड खडक दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहतो. अशा वेळी चालणारा मनुष्य रस्त्याची डावी बाजू पाहत नाही की उजवी पाहत नाही. जिकडे झाड दिसेल तिकडे त्याचे पाऊल आपोआप वळते.

माझे बिऱ्हाड हरिशंकरपुरम वसाहतीत आहे. शिक्षकाचा पेशा असल्यामुळे दुपारी घरी परतणे हे नित्याचेच. एके दिवशी लष्करातल्या महाराज बाड्याकडे काही काम होते. ते आटोपून मी पायीच घरी निघालो आणि सहज म्हणून वाटेवरची झाडे मोजू लागलो. बाड्याच्या पाठीमागच्या अरुंद गल्ल्यांत माझी मोजणी बराच वेळ शून्यावरच अडून राहिली. तेथे हातगाडीवाले होते, ओझी वाहणारे हमाल होते, उंबरठ्यावर पदराने वारा घेत बसलेल्या म्हाताऱ्या होत्या. झाड मात्र नव्हते. पुढे रुंद रस्ते आले, कुंपणे आली, आणि कुंपणांआडून कडुनिंब व आंबे डोकावू लागले. माझ्या वसाहतीत शिरलो तेव्हा मोजणी सोडून द्यावी लागली, इतकी झाडे होती. परंतु त्या झाडांखाली त्या घटकेला कोणीही नव्हते. ज्यांच्या अंगणात ती होती, ते घरात पंख्याखाली विश्रांती घेत होते.

ज्याला सावलीची गरज अधिक त्याच्या वाट्यास ती कमी, आणि ज्याच्यापाशी उन्हापासून बचावाची दहा साधने त्याच्या दारी ती उदंड. ही वाटणी कोणी केली? ती निसर्गाने तर खचितच केली नाही. कारण पाखराच्या चोचीतून पडणारे निंबोळीचे बी श्रीमंताचे अंगण आणि गरिबाचे अंगण असा भेद जाणत नाही. ही वाटणी माणसाने केली आहे आणि तिला इतिहास आहे. आज त्या इतिहासाचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

ह्या प्रदेशात झाडांचा आणि राज्यकर्त्यांचा संबंध फार जुना आहे. आपल्या शेजारच्या दतिया जिल्ह्यात गुजर्रा नावाचे गाव आहे. तेथल्या खडकावर सम्राट अशोकाचा एक लघुलेख कोरलेला आहे आणि त्यात राजाचे अशोक हे नाव स्पष्ट आले आहे, म्हणून इतिहासकारांना त्याचे विशेष महत्त्व वाटते. त्याच अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात आणि सातव्या स्तंभलेखात, रस्त्यांच्या कडेने माणसांसाठी आणि पशूंसाठी झाडे लावविल्याची नोंद करून ठेवली आहे. वडाची सावली मिळावी, आमराया व्हाव्यात, वाटेत विहिरी असाव्यात, हा त्यातला आशय. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाने झाड लावताना राजवाड्याचा विचार केलेला नाही. वाटसरूचा केला आहे, आणि वाटसरूच्या बैलाचाही केला आहे.

पुढे दृष्टी पालटली. १५२८ साली बाबर ग्वाल्हेर पाहावयास आला. मानसिंहाचे महाल त्याने पाहिले, बागा पाहिल्या, आणि येथल्या तांबड्या कण्हेरीवर त्याचे मन इतके बसले की त्याने ती रोपे आग्र्यास नेऊन आपल्या बागांत लावली. बाबरनाम्यात ही हकिकत त्याने मोठ्या रसिकतेने लिहिली आहे. परंतु ही बाग राजाची होती. तिच्याभोवती भिंत होती, आणि भिंतीला दरवाजा होता. झाड वाटेवरून निघून भिंतीच्या आत गेले ते असे.

मराठी राज्याच्या परंपरेत मात्र ह्या बाबतीत एक वेगळाच सूर ऐकू येतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत असताना थोडेफार वाचले असेल. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या ह्या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा प्रश्न निघतो. जहाजे बांधावयाची तर लाकूड हवे, आणि आंबा-फणसाचे लाकूड तर हाताशीच आहे. पण अमात्य बजावतात की त्या झाडांना हात लावू नये. कारण काय सांगतात? ती वर्षा-दोन वर्षांत होणारी झाडे नव्हेत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे दीर्घकाळ सांभाळून वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला सीमा राहणार नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर त्याच्या मालकाला राजी करावे, पैसा द्यावा आणि मगच ते न्यावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

श्रोतेहो, ह्या उपदेशाचे मर्म केवळ झाडे राखण्यात नाही. झाडाविषयीचा निर्णय घेताना, ज्याने ते वाढविले त्याला विचारले पाहिजे, हे त्याचे मर्म आहे. राज्याचे आरमार हे काही लहानसहान प्रयोजन नव्हे. तरीही त्या प्रयोजनाने झाडाच्या धन्याची संमती ओलांडू नये, असे एक मुत्सद्दी लिहून ठेवतो. नगरांतल्या झाडांसंबंधी आज जगभर जी चर्चा चालू आहे, तिचा गाभा ह्या चार वाक्यांत येऊन गेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ कायम केला. लष्कराचा तळ म्हणून त्या वस्तीचे नावच लष्कर पडले आणि ते आजतागायत टिकले. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार वसले, पेठा झाल्या. परंतु शहराचा पिंड छावणीचा तो छावणीचाच राहिला. उद्या कूच करावे लागेल ह्या तयारीने राहणारा मनुष्य तंबूची मेख ठोकतो, झाड लावीत नाही. झाड लावण्यासाठी ‘मी येथे राहणार आहे’ असा विश्वास लागतो. लष्करच्या जुन्या गल्ल्यांत वाड्याला वाडा भिडलेला आहे आणि मध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट आहे. वाड्याच्या चौकात तुळशीला जागा मिळाली. वडा-पिंपळाला ती मिळणार कोठून?

ह्याच्या दोन्ही अंगांना मात्र सावली वाढत होती. १८४३च्या महाराजपूरच्या लढाईनंतर मोरार येथे छावणी पडली. इंग्रजांच्या छावण्यांची घडण सर्वत्र एकाच नमुन्याची असे : सरळ रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, बंगल्यांभोवती ऐसपैस आवारे. गोऱ्या शिपायाला हिंदुस्थानचे ऊन सोसत नाही, ही चिंता त्यामागे होती, आणि ती वाजवीही होती. सवाल एवढाच, की ते ऊन काळ्या शिपायाला आणि बाजारातल्या हमालाला सोसते, हे कोणी ठरविले? १८८६ साली किल्ल्याबरोबर मोरारही शिंद्यांकडे परत आले. तत्पूर्वी, १८७४ साली, मायकेल फिलोस ह्यांच्या आराखड्याप्रमाणे जयविलास प्रासाद उभा राहिला होता आणि त्याच्याभोवती विस्तीर्ण उपवन निर्माण झाले होते. पुढे माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत फूलबागेला आजचे स्वरूप आले. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे सभागृह एकाच उद्यानाच्या परिसरात असावे, ही त्यातली कल्पना खरोखर उदार होती. धर्मांना एका छायेखाली आणण्याचा विचार येथे झाला. पेठांना छायेखाली आणण्याचा विचार मात्र राहून गेला.

स्वातंत्र्यानंतर शहर चोहोंकडे पसरले. नव्या वसाहती आखल्या गेल्या, त्यांत रस्त्यांना रुंदी मिळाली, घरांना आवारे मिळाली, आणि आवारांत झाडे आली. माझी वसाहत त्यांपैकीच एक. ज्यांना भूखंड घेण्याची ऐपत नव्हती, ते नाल्याच्या काठी आणि टेकड्यांच्या पायथ्याशी राहावयास गेले. शहरातून वाहणाऱ्या ज्या स्वर्णरेखेच्या काठी झाशीच्या राणीचा घोडा अडला असे लोक सांगतात, तिला सिमेंटच्या पात्रात बांधून टाकण्यात आले. ज्या ओलीवर काठची झाडे जगतात, ती ओल सिमेंटखाली कशी पोचावी? अशा रीतीने दोनशे वर्षांत, कोणीही ‘गरिबाला सावली देऊ नका’ असे मुखाने न म्हणता, ती वाटणी पुरी झाली.

हा दोष आपल्याच शहराचा आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत १९३०नंतरच्या दशकात घरकर्जाच्या सोयीसाठी शहरांचे नकाशे तयार करण्यात आले. ज्या मोहल्ल्यांत कृष्णवर्णीय आणि नवागत लोक राहत, ते बहुधा नकाशावर तांबड्या रंगाने रंगविले जात, आणि तेथे कर्ज देणे धोक्याचे मानले जाई. कर्ज नाही म्हणून सुधारणा नाही, सुधारणा नाही म्हणून उद्याने नाहीत, असे चक्र सुरू झाले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ शहरांची पाहणी झाली. त्यांपैकी ९४ टक्के शहरांत ते जुने तांबडे भाग शेजारच्या भागांहून आजही अधिक तापतात असे आढळले. हा फरक सरासरी अडीच अंशांहून थोडा अधिक आणि कोठे कोठे सात अंशांपर्यंतचा होता. नकाशे रद्द होऊन दोन पिढ्या लोटल्या. त्यांची धग मात्र रस्त्यांत राहिली.

ही धग म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची जी लाट आली, तीत नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक घडल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखविले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. उन्हाच्या लाटेत अधिक धोका वृद्धांना, आजाऱ्यांना, तान्ह्या मुलांना आणि उघड्यावर कष्ट करणाऱ्यांना असतो. म्हणजे सावलीचा प्रश्न हा शोभेचा प्रश्न राहत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

मग उपाय सोपाच आहे, असे कोणी म्हणेल. जेथे झाडे नाहीत तेथे ती लावावीत! आपल्या देशात तर ह्या कामाला उत्सवाचे रूप आहे. १९५० साली तत्कालीन अन्न व कृषी मंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याच्या आरंभी खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, रोपे लावली जातात. हेतूविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही. परंतु आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात, तसे पुष्कळ रोपांचे होते. आषाढात लावलेले रोप ज्येष्ठापर्यंत कोण पाहतो? लावणाऱ्याचे छायाचित्र निघते. पाणी घालणाऱ्याचे निघत नाही.

येथे माझी स्वतःची एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन नाल्याकाठच्या एका वस्तीत गेलो आणि एका दिवसात चाळीस रोपे लावून आलो. मुलांना आनंद झाला, आम्हांलाही धन्यता वाटली. पुढच्या जुलैत जाऊन पाहतो तो तीन रोपे जिवंत होती! मी मनातल्या मनात वस्तीच्या लोकांना दोष दिला. ह्यांना कदर नाही, असे सर्वसाधारण सुशिक्षित माणसाला वाटते तेच मला वाटले. तेवढ्यात हातपंपावर पाणी भरणारी एक वृद्ध बाई माझ्याकडे पाहून हसली. तिची बोली तिकडची, पण आशय असा होता : “मास्टरजी, झाडाशी आमचे वैर नाही. तुम्ही रोप लावले ते नेमके ज्या जागी आम्ही रात्री खाटा टाकतो तेथे. दुसरे लावले ते पाण्याच्या रांगेत. आणि तिसरे काटेरी. लेकरे अनवाणी फिरतात. एकदा विचारले असते, तर जागा आम्हीच दाखविली असती.”

मी काय उत्तर देणार? ‘अम्मा, चुकलो,’ एवढेच म्हणालो. वर्गात मुलांना आज्ञापत्राचा उतारा समजावून सांगणारा मी. त्यातला ‘मालकाला राजी करावे’ हा भाग मीच विसरलो होतो.

पुढे वाचनात आले की अशी चूक करणारे आम्ही एकटे नव्हतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २०११ ते २०१४ ह्या काळात एका संस्थेने रस्त्याकडेला विनामूल्य झाडे लावण्याचे काम चालविले होते. सुमारे साडेसात हजार रहिवाशांकडे विचारणा झाली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी ‘आमच्या दारी झाड नको’ असे कळविले. झाड फुकट मिळत असता लोक नको का म्हणतात, ह्याचा शोध क्रिस्टीन कारमायकेल ह्या संशोधिकेने घेतला. उत्तर असे निघाले की लोकांना झाडांचे फायदे पुरते ठाऊक होते. परंतु १९६७च्या दंगलीनंतर शहराने आपल्या वस्तीतली मोठमोठी एल्म झाडे तोडली, ती हेलिकॉप्टरमधून पाळत ठेवता यावी म्हणूनच, अशी काहींची आठवण होती. शहराच्या दप्तरी त्या तोडीचे कारण झाडांवरचा रोग हे होते. खरे कारण काहीही असो, विश्वास तुटला होता. शिवाय, झाड लावून संस्था निघून जाईल, मग पाने कोण झाडणार, वठलेली फांदी कोण काढणार, हाही प्रश्न होता. कोणते झाड, कोठे आणि केव्हा, ह्यांपैकी एकही गोष्ट त्यांना विचारण्यात आली नव्हती. लोकांचा नकार झाडाला नव्हता. न विचारण्याला होता.

ह्याच्या उलट, जेथे लोकांनी झाडाला आपले म्हटले, तेथे ते कसे टिकते ह्याची उदाहरणेही इतिहासात थोडी नाहीत. आपल्याच शहरात तानसेनाच्या कबरीजवळची चिंच पाहा. तिची पाने चघळली की गळा गोड होतो ह्या श्रद्धेने गवई येथे येत आले. मूळची चिंच काळाच्या ओघात गेली. पण लोकांना तेथे चिंच हवीच होती, म्हणून तेथे पुन्हा चिंच उभी राहिली. सह्याद्रीतल्या देवराया अशाच टिकल्या. कोयता घेऊन आत जावयाचे नाही हा गावाने स्वतःवर घातलेला निर्बंध होता; त्याला पहारेकऱ्याची गरज लागली नाही.

कर्नाटकात थिम्मक्का नावाच्या एका निरक्षर मजूर स्त्रीने पतीच्या साहाय्याने हुलिकल ते कुडूर ह्या रस्त्यावर सुमारे चार-साडेचार किलोमीटरांच्या आतबाहेर वडांची रांगच्या रांग उभी केली. मूलबाळ नव्हते, म्हणून रोपांनाच लेकरे मानून दोघांनी घागरींनी पाणी वाहिले. ही झाडे ३८५ भरतात असे सांगतात. २०१९ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. आफ्रिकेतल्या केनिया देशात वांगारी मथाई ह्यांनी १९७७ साली खेड्यांतल्या स्त्रियांना हाताशी धरून वृक्षलागवडीची चळवळ सुरू केली. त्यांच्या योजनेतली एक बारकाई मला फार शहाणपणाची वाटते. स्त्रियांना अल्पसा मोबदला मिळे. तो लावलेल्या रोपांबद्दल नसे, जगलेल्या रोपांबद्दल असे. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. झाडे आणि शांतता ह्यांचा संबंध काय, असे तेव्हा काहींनी विचारले होते. ज्या रस्त्यावर सावलीच्या एकाच तुकड्यासाठी दोन हातगाडीवाल्यांची जुंपते, तो रस्ता पाहिलेल्याला हा प्रश्न पडणार नाही.

मराठी मुलुखातले उदाहरण हवे असेल तर वसईचे घ्या. १९८८ नंतर त्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरींचे पाणी आणि वाड्यांतली झाडे ही एकमेकांवर जगतात, हे तेथल्या बागायतदारांना पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच ती चळवळ केवळ पुस्तकी राहिली नाही. सर्व लढाया तिने जिंकल्या असे नाही. परंतु झाड हा सार्वजनिक हक्काचा विषय आहे, हे तिने मराठी माणसाच्या मनावर बिंबविले.

मग ग्वाल्हेरात आपण काय करावे? प्रथम मोजावे. हॉलंडमधून आलेले वृक्षतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक ह्यांनी २०२१ साली एक सोपे माप सुचविले आहे. प्रत्येक घरातून निदान तीन झाडे दिसावीत, प्रत्येक मोहल्ल्याच्या शेकडा तीस भागावर झाडांचे छत्र असावे, आणि प्रत्येकाला तीनशे मीटरांच्या आत एखादी बाग असावी. माझ्या खिडकीतून तीनांहून अधिक झाडे दिसतात. आपल्या खिडकीतून किती दिसतात ते आज पाहा. आणि आपल्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईंना विचारा, की तुमच्या दारातून किती दिसतात. ह्या दोन आकड्यांतले अंतर म्हणजेच आपल्या शहराचा इतिहास.

दुसरे, असलेले राखावे. मध्य प्रदेशात नगरक्षेत्रांतल्या वृक्षरक्षणाचा कायदा २००१ साली झाला आहे आणि परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. महाराष्ट्रात असा कायदा १९७५ पासून आहे. परंतु कायद्याचा डोळा म्हणजे शेजाऱ्याचा डोळा. गल्लीने पाहिले नाही तर कायदा आंधळाच राहतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, विचारावे. जेथे गल्ली अरुंद आहे तेथे वडाचा आग्रह धरू नये. शाळेचे पटांगण, मंदिराचे, मशिदीचे वा चर्चचे आवार, हातपंपाची कड, बसथांब्याची मागची बाजू, अशा जागा रहिवासीच दाखवू शकतात. ह्या कोरड्या हवेत कडुनिंब, करंज, चिंच, अर्जुन ही आपली जुनी मंडळी कमी लाडात वाढतात. आणि झाड लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे : पहिली तीन ज्येष्ठ ह्याला पाणी कोण देणार? माणसाचे नाव मिळाले तरच खड्डा खणावा.

पाण्यावरून आठवले. आपल्या शहरात वटसावित्रीचे व्रत दोनदा होते. आमच्या हिंदी भाषिक शेजारणी ते ज्येष्ठातल्या अमावास्येला करतात आणि मराठी घरांतल्या सुवासिनी पंधरा दिवसांनी पौर्णिमेला करतात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाच्या महिन्यात एकाच वडाला दोन समाज पाणी घालतात. किती सुंदर योग हा! मात्र ज्या मोहल्ल्यात वड नाही तेथे बाजारातून त्याची फांदी आणून पूजा उरकली जाते, आणि कोणता तरी वड त्यासाठी ओरबाडला जातो. मी स्वतः ख्रिस्ती. ह्या व्रताविषयी अधिकाराने बोलणे मला शोभणार नाही. शेजारधर्माच्या नात्याने एवढेच सुचवितो, की फांदीऐवजी मोहल्ल्यात एक वड आला आणि त्याला ह्या दोन तिथींच्या मधल्या चौदा दिवसांतही पाणी मिळाले, तर पुढच्या पिढीतल्या सुवासिनींना पूजेला बाजारात जावे लागणार नाही.

एक अडचण मात्र झाकून ठेवू नये. ज्याच्या पायाखालची जमीन आपली नाही, उद्या उठावे लागेल अशी ज्याला धास्ती आहे, त्याने झाड का लावावे? लष्करच्या तंबूतल्या शिपायाची जी मनःस्थिती होती तीच नाल्याकाठच्या झोपडीची आहे. मध्य प्रदेशात १९८४च्या कायद्याने नगरांतल्या भूमिहीनांना पट्टे देण्याची वाट उघडली, ती ह्या दृष्टीनेही महत्त्वाची होती. आणि दुसरी बाजूही आहे. मोठ्या शहरांचा अनुभव असा, की वस्ती हिरवी आणि देखणी झाली की भाडी चढतात, आणि ज्यांच्यासाठी झाड लावले त्यांनाच तेथून निघावे लागते. म्हणून सावलीचा वाटा देताना त्या सावलीत राहण्याचा हक्कही द्यावा लागतो. पहिले देऊन दुसरे न देणे म्हणजे पाहुण्याला पाट मांडून ताट उचलून घेण्यासारखे आहे.

शेवटी त्या वस्तीची हकिकत पुरी करतो. दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो ते रिकाम्या हातांनी गेलो. अम्मांनी आणि आणखी काही बायकांनी सबंध वस्ती हिंडून जागा दाखविल्या. चाळीस नव्हे, नऊच निघाल्या. पिंपळ त्यांनी नाकारला, कारण तो भिंती फोडतो. बाभळही नाकारली. कडुनिंब मागितला, आणि हातपंपाचे सांडपाणी जेथे वाहते तेथे एक जांभूळ मागितले. प्रत्येक रोप एकेका घरातल्या मुलाच्या नावे झाले. त्या नऊंपैकी सात आज जिवंत आहेत. चाळिसांतली तीन आणि नवांतली सात, हे गणित मी आता वर्गात शिकवितो. ते गणिताच्या पुस्तकात नाही.

हातपंपाजवळचा कडुनिंब आता पुरुषभर उंचीच्या वर गेला आहे. गेल्या वैशाखात मी तेथून जात होतो. त्याच्या जेमतेम दोन हात सावलीत अम्मांनी आपली खाट ओढून आणली होती. मला पाहताच त्या खाटेवर थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, “बसा मास्टरजी, ऊन फार आहे.”

ज्या माणसाच्या घरी झाडांची मोजणी करता येत नाही, त्याला सावलीचा वाटा देऊ केला तो तिने, जिच्यापाशी अवघी दोन हात सावली होती. मी बसलो. त्या सावलीत बसण्याचा अधिकार मला चाळीस रोपांनी मिळाला नव्हता; विचारलेल्या एका प्रश्नाने मिळाला होता.